बारा वाजता चाकं येतील

मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला, त्या दिवशी प्राचार्याबाईंनी मला एकटीला आत बोलावलं.

"मार्क चांगले आहेत म्हणून घेतलं," त्या म्हणाल्या. "पण प्रयोगशाळेचं दार साडेआठला बंद होतं. उशिरा आलेल्या मुलीला आत घेत नाही. तुमच्या मुलीसाठी वेगळा नियम करणार नाही. पहिल्या सत्रात हजेरी कमी पडली, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला."

मला बाई आवडल्या. दयाबिया दाखवली असती तर मी जास्त घाबरले असते.

मुलीच्या उजव्या पायाला चौथ्या वर्षापासून लोखंडी पट्ट्यांचा बूट होता. पोलिओ. सपाट जमिनीवर ती व्यवस्थित चालायची, कठडा असेल तर जिनाही चढायची. अडचण बसची होती. मद्रासच्या बसची पायरी उंच, आणि कंडक्टरची शिट्टी तिचा दुसरा पाय वर येईपर्यंत थांबायची नाही. आम्ही राहायचो पुरसवाकमला आणि कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राच्या बाजूला. सायकलरिक्षाला सव्वा तास लागायचा, आणि वाटेत साखळी निसटली की त्याहून जास्त. पहिल्या तीन आठवड्यांत पाच वेळा ती बंद दार बघून परत आली. पाचव्या दिवशी तिने बूट काढून कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाली, "आई, गणित घरी बसून शिकता येईल. रसायनशास्त्र कसं शिकायचं?"

तेव्हा मी गाडी घ्यायची ठरवली. यजमान रेल्वेच्या हिशेब खात्यात, एग्मोरला. त्यांचा चष्मा इतका जाड की समोरच्या बसचा नंबर ते मला विचारायचे. म्हणजे गाडी चालवणार मी. ते मला जड नव्हतं. माझ्या वडिलांची कोल्हापूरकडे प्रवासी वाहतुकीची सर्व्हिस मोटार होती. लग्नाआधी त्या मोटारीखाली मी जितके तास काढले, तितके स्वयंपाकघरात काढले नव्हते, असं सासूबाई शेवटपर्यंत म्हणत.

नवी गाडी मिळण्यातली नव्हती. बारशाला नाव नोंदवावं आणि लग्नाला गाडी यावी, असं यजमानांच्या कचेरीत म्हणायचे. म्हणून जुनी. आणि जुन्या गाडीबद्दल मद्रासमध्ये जो तो एकच गोष्ट सांगायचा: गाडी एका डॉक्टरांची आहे, डॉक्टर ती फक्त रविवारी देवळात जाण्यापुरती बाहेर काढायचे. दोन आठवड्यांत मी तीन गाड्या पाहिल्या, तिन्ही डॉक्टरांच्या. शहरात इतके डॉक्टर असतील आणि ते इतके धार्मिक असतील असं मला वाटलं नव्हतं. तिसऱ्या गाडीच्या मागच्या आसनाखाली मला कोंबडीची पिसं सापडली.

घरगुती गाडीला मालकाच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नसतो, हे माझ्या लक्षात आलं. टॅक्सीचं तसं नाही. टॅक्सीला ठरल्या मुदतीने सरकारी तपासनिसापुढे उभं राहावं लागतं. तो ब्रेक बघतो, दिवे बघतो, स्टिअरिंग हलवून बघतो, आणि गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे असा दाखला देतो. फिटनेस सर्टिफिकेट, सगळं शहर त्याला एफ.सी. म्हणतं. काही खोट निघाली तर तो ती लिहून देतो आणि दुरुस्त करून परत आणायला सांगतो. म्हणजे टॅक्सीच्या मागे कोणीतरी तिऱ्हाइताने लिहिलेले कागद असतात. मी ठरवलं, टॅक्सीच घ्यायची, रंग बदलून आणि कागद बदलून ती घरची करायची.

"टॅक्सी लोक भाड्याने घेतात," यजमान म्हणाले. "विकत नाही."

आमचे घरमालक मात्र खूश झाले. ते वरच्या मजल्यावर राहायचे. तंजावरकडचे मराठी, दोन-अडीचशे वर्षांपासून तिकडचे. कलेक्टर कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. मुलगी त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच मामा म्हणायचो. त्यांची मराठी ऐकून आमच्याकडे आलेले पाहुणे आधी हसत आणि मग गप्प होत, कारण ती त्यांच्या पणजोबांच्या पत्रांतली मराठी होती, फक्त तमिळ सुरात म्हटलेली.

"हें उत्तम," मामा म्हणाले. "सर्कारी शिक्का असतां संशय कशास, बाई? तपासनीस काय मूर्ख असे? पास म्हणजे पास."

"पास झालेले कारकून तुम्ही पाहिले नाहीत का, मामा?"

"पाहिलों की. आम्हीच होतों," ते म्हणाले आणि खो खो हसले.

मामांनीच पहिली गाडी शोधून आणली. एग्मोरच्या मागे पुदुपेटला जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या गल्ल्या आहेत, तिथे एका दलालाच्या आवारात ती उभी होती. मामांनी पंचांग पाहून वेळ ठरवली. गुरुवार, सकाळी दहा. मद्रासमध्ये राहुकाळ ही घड्याळाइतकी पक्की गोष्ट आहे. रोज दीड तास, दर वारी वेगळा. त्या वेळात कोणी नवं काम काढत नाही, मुलगी बघायला जात नाही, सौदा करत नाही. आमच्याकडच्या लोकांना हे वार पाठ नसतात. तिथे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात.

"गुरुवारचा राहुकाळ दीडला लागतो," मामांनी दलालाला माझ्यादेखत सांगितलं होतं. "आम्ही दहास येतों. गाडी तयार ठेवा."

गाडी तयारच होती. काळं अंग, पिवळा टप, धुऊन पुसून चकचकीत, आरशाला मोगऱ्याची माळ. दलाल पन्नाशीचा, पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेला, कपाळावर गंध. त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. त्याने मामांच्या हातात एफ.सी. ठेवलं. आठ दिवसांपूर्वीचं. त्याआधीचेही दाखले होते, चार. प्रत्येक वेळी पहिल्या फेरीत पास, शेरा कोरा.

"पाहा, पाहा!" मामा मला कागद दाखवून म्हणाले. "एक डाग नाहीं!"

मला तेच आवडलं नाही. सहा-सात वर्षं मद्रासच्या रस्त्यांवर भाडं मारणारी गाडी, आणि एकदाही एक दिवा गेलेला नाही, एक ब्रेक सैल झालेला नाही? माझ्या वडिलांची मोटार दर आठवड्याला काहीतरी मागायची, आणि ती मोटार चांगली होती.

मी बॉनेटवर हात ठेवला. गरम. नुकत्याच सुरू केलेल्या इंजिनाचं बॉनेट गरम नसतं.

"ही आधी चालवली होती का?"

"नाही अम्मा, ऊन आहे ना," दलाल म्हणाला. गाडी कडुलिंबाखाली सावलीत होती.

मी आत बसले. ड्रायव्हरचं आसन खड्डा पडलेलं, स्टिअरिंगचं चाक हातांनी गुळगुळीत झालेलं. पण ब्रेकच्या पेडलवरचं रबर कोरं करकरीत. मग मी चारही टायर पाहिले. उत्तम नक्षी, खोल खाचा. गाडीचं बाकी वय आणि टायरचं वय जुळत नव्हतं. वाकून पाहिलं तर प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथे, तांबड्या रंगाचा बोटाएवढा ठिपका होता. बॅटरीवरही तसाच ठिपका.

"हे कशाचं?"

"दृष्ट लागू नये म्हणून," दलाल म्हणाला.

दृष्ट लागू नये म्हणून लावलेली खूण लोक दिसेल अशी लावतात. मी एवढंच म्हटलं की दोन दिवसांत कळवते. मामा रस्ताभर माझ्यावर रागावले होते. "इतका संशय बरा नव्हे बाई. माणूस गंध लावतो, देव मानतो—"

"मामा, मीही लावते. कुंकू. म्हणून माझी गाडी चांगली होत नाही."

घरी मी मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, कॉलेजसाठी माझंही एफ.सी. काढलं होतं ना? डॉक्टरांनी डोळे, दात, जीभ पाहिली आणि 'प्रकृती उत्तम' लिहिलं. खाली पाहिलंच नाही."

"मग?"

"मग काही नाही. मी काही बोलले नाही."

त्या रात्री मला एक गोष्ट सुचली. आम्ही कधी येणार हे दलालाला माहीत होतं. कधी येणार नाही हेही माहीत होतं. पुदुपेटमधल्या प्रत्येक विकणाऱ्याला ठाऊक होतं की रोज दीड तास एकही गिऱ्हाईक आवारात पाऊल टाकणार नाही. दीड तास कोणी बघणार नाही अशी खात्री असेल तर माणूस काय करतो, ते बघावं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा. मामांना न सांगता मी पिशवी घेऊन, भाजीला जाते असं दाखवून निघाले आणि अकराला पुदुपेटला पोचले. गल्ली खरोखर सुस्त होती. दुकानदार पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होते, एकाने माझ्याकडे पाहून आपल्या घड्याळाकडे पाहिलं.

दलालाच्या आवारात तो नव्हता. एक म्हातारा रखवालदार बाकावर बसून विडी ओढत होता. आणि कडुलिंबाखाली आमची गाडी विटांवर उभी होती. चारही बाजूंना चाकं नव्हती. बॉनेट उघडं, बॅटरीच्या जागी एक मांजर झोपलेलं.

मी रखवालदाराजवळ गेले. मला तमिळ बोलता यायचं, बाजारापुरतं.

"अय्या, चाकं कुठे गेली?"

म्हातारा जराही गडबडला नाही. "एफ.सी.ला गेलीत."

"आणि गाडी?"

"गाडीचं झालंय मागच्या आठवड्यात. आज दुसऱ्या गाडीचं आहे." त्याने विडी झटकली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही राहुकाळात कशा आलात अम्मा? ह्या वेळेला कोणी गाडी बघायला येतं का? बारा वाजता या. बारा वाजता चाकं येतील."

"बॅटरी?"

"तीही येईल."

"पेडलचं रबर?"

त्याने वाकून आत पाहिलं. "ते आहे," तो म्हणाला, जसं काही मी उगीच शंका घेत होते.

मी त्याच्या बाकावर बसले आणि विचारलं ते तो सांगत गेला. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. आवारात एक चांगला संच होता: चार चाकं, एक बॅटरी, दिव्यांची एक जोडी, एक भोंगा. तांबडा ठिपका म्हणजे संचाची खूण, दुसऱ्यांच्या सामानात मिसळू नये म्हणून. तपासणीला जाणारी गाडी तो संच राहुकाळापुरता भाड्याने घ्यायची, पास व्हायची, आणि लगेच आपली जुनी चाकं घालून रस्त्यावर यायची. एरवी तो संच विकायच्या गाड्यांवर बसवलेला असायचा. सरकारी कचेरीला राहुकाळ नसतो आणि गिऱ्हाइकाला असतो, म्हणून दोघांचंही भागायचं.

"म्हणजे एफ.सी. ह्या गाडीचं नाहीच," मी म्हटलं. "चाकांचं आहे."

"चाकं चांगली आहेत अम्मा," म्हातारा मनापासून म्हणाला. "कधी नापास झालेली नाहीत."

घरी येऊन मामांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. मला वाटलं, फसवणुकीचा धक्का बसला. पण त्यांना दुसरंच खुपत होतं.

"तुम्ही राहुकाळांत गेलांत?" ते म्हणाले. "एकट्या? पाहा, म्हणून चाकें नव्हतीं."



पुढच्या आठवड्यात मुलीचं दार आणखी दोनदा बंद झालं. प्राचार्याबाईंचं पत्र आलं, दोन ओळींचं: आणखी चार दिवस बुडाले तर जागा राहणार नाही. मी पत्र भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचलं.

दुसरी गाडी मी स्वतः शोधली, दलालाकडे नाही, एग्मोर स्टेशनाबाहेरच्या टॅक्सींच्या रांगेत. यजमानांच्या कचेरीतल्या शिपायाने सांगितलं होतं की रांगेतला एक म्हातारा गाडी विकून गावी जाणार आहे. भाऊ वारला, शेत बघायला कोणी उरलं नाही. मी मुद्दाम सोमवारी सकाळी आठला गेले. सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ, एव्हाना मलाही पाठ झाला होता.

म्हातारा हडकुळा, खाकी सदरा, खांद्यावर पंचा. गाडी रात्रभर उभी होती, बॉनेट थंडगार. "राहुकाळ आहे," मी म्हटलं. "गाडी दाखवायला हरकत नाही ना?"

"टॅक्सीला कसला राहुकाळ?" तो म्हणाला. "गाडीतून उतरलेला पॅसेंजर विचारतो का? त्याला घरी जायचं असतं."

त्याने चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा खोकलं आणि लागलं. थंड इंजिन असंच लागतं. मला बरं वाटलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मी एफ.सी. मागितलं. त्याने आसनाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात दाखल्यांच्या बरोबरीने तपासनिसांनी नापास करताना दिलेल्या चिठ्ठ्याही होत्या. कोणी असल्या चिठ्ठ्या ठेवत नाही. मी डबा घरी नेते म्हटलं; तो म्हणाला, न्या.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही सगळे कागद तारखांनी लावले. मामाही खाली आले. त्यांनी चिठ्ठ्या मोजल्या आणि कपाळाला हात लावला.

"सहा वेळ नापास! शिव शिव! ही गाडी काय, आमचा मेहुणा!"

"मामा, कशात नापास ते वाचा."

पहिल्या वर्षी हँडब्रेक धरत नाही. नंतर डावा दिवा. नंतर स्टिअरिंग सैल. नंतर धूर. नंतर मागचा ब्रेक. नंतर दरवाजा नीट लागत नाही. सहा दोष, सहाही वेगळे. एकदा लिहिलेली खोट पुन्हा कुठल्याच चिठ्ठीत नव्हती. आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर आठ-दहा दिवसांत पास. म्हणजे माणूस गाडी आहे तशी तपासणीला नेत होता, आणि जे सांगितलं ते दुरुस्त करत होता. ती उसनी चाकं घालून गेली असती तर तिच्या नावावर एकही चिठ्ठी नसती.

"जो कधीच आजारी पडला नाही म्हणतो," मी मामांना म्हटलं, "तो डॉक्टरकडे गेलेला नसतो."

मुलगी मात्र कागदांच्या रांगेकडे बघत होती. "आई, इथे काही नाही," ती म्हणाली आणि दोन दाखल्यांच्या मध्ये बोट ठेवलं. एक दाखला संपला होता आणि पुढचा घेतला होता चार महिन्यांनी. बाकी सगळीकडे मुदत संपायच्या आधी नवा. दाखल्याशिवाय टॅक्सी चालवता येत नाही. म्हणजे गाडी चार महिने उभी होती. का?

माझा संशय परत जागा झाला, आणि आता तो चांगल्या माणसावर होता म्हणून जास्त त्रास देत होता. दुसऱ्या दिवशी गेले. आधी विचारलं नाही. मागची बैठक उचलली, दाराच्या आतलं कातडं सोलून पाहिलं. दाराच्या आतल्या पत्र्यावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, सगळीकडे सारखी, गंजाची एक सरळ रेघ होती.

"ही पाण्यात होती," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. "दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत नाल्याचं पाणी शिरलं. सीटपर्यंत. सगळं उघडलं अम्मा, इंजिन, गिअर, सगळं. चार महिने लागले, सामान मिळत नव्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर?"

"सांगितलं असतं." त्याने पंच्याने तोंड पुसलं. "ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना सांगितलं. त्यातला एकही परत आला नाही."

एकीकडे मला वाटलं, उठावं आणि जावं. पाण्यात राहिलेली गाडी घेऊ नये, हे माझे वडील मोटारीवर हात ठेवून सांगत. दुसरीकडे कॅलेंडरला टाचलेलं पत्र होतं. मी त्याला म्हटलं, "पंधरा दिवस रोज सकाळी माझ्या मुलीला कॉलेजला सोडा. भाडं देईन. प्रयोगशाळेचं दार एकदा जरी बंद मिळालं, तर गाडी घेणार नाही."

"बरं," तो म्हणाला.

मी मुद्दाम बरोबर गेले नाही. मुलीला बजावलं, वाटेत काही झालं तर त्याच्यासमोर चकार शब्द काढू नको, घरी आल्यावर मला सांग. मला फक्त गाडीची परीक्षा घ्यायची नव्हती. गाडी बिघडेल तेव्हा तो काय सांगतो हे ऐकायचं होतं.

आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी सकाळी सव्वानऊला म्हातारा आमच्या दारात उभा. चपला बाहेर काढलेल्या, पंचा हातात.

"दार बंद मिळालं?"

"नाही. मिळालं. म्हणजे उघडं मिळालं. दोन मिनिटं होती." तो धापा टाकत होता. "पण गाडी थांबली अम्मा. नळ फुटून रस्त्यावर पाणी झालं होतं. इंजिनाखालचा पत्रा पुरात गंजला होता, तो आता गळून पडलाय, म्हणून पाणी उडून आत गेलं. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर पुसला, चालू झाली. सहा मिनिटं गेली. ती खोट कधी एफ.सी.त आली नाही, कारण तपासणीचं मैदान कोरडं असतं. मलाही आजच कळली."

"हे सांगायला एवढ्या लांब परत आलात?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, एकदा जरी. दार बंद नाही मिळालं. पण गाडी थांबली. आता तुम्ही ठरवा."

संध्याकाळी मुलीने तेच सांगितलं, मिनिटासकट. त्याच्या सहा मिनिटांत आणि तिच्या सहा मिनिटांत फरक नव्हता. मी यजमानांना म्हटलं, गाडी घेऊ. ते म्हणाले, "ती थांबली म्हणून?" मी हो म्हटलं. ते आयुष्यभर हिशेब तपासत आले होते. त्यांनी बँकेचं पासबुक काढून माझ्यापुढे ठेवलं.

लोहाराकडून खालचा पत्रा नवा बसवून घेतला. कागद बदलले, गाडीला राखाडी रंग दिला. काळा रंग दाराच्या कडांना अजून दिसायचा आणि पहिले दोन महिने एग्मोरला लोक हात दाखवून मला थांबवायचे. एकदा एक कुटुंब ट्रंकेसकट मागे चढून बसलं. पोचवलं त्यांना. वाटेवरच होतं.

मामांचा मात्र एक प्रश्न उरला होता. रविवारी सकाळी त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, कापूर लावून कोहळा ओवाळून फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि मला त्यांवरून गाडी न्यायला लावली. तिथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी विचारलं, "उद्यां कितीस निघणार?"

"सात पन्नासला. रोजच्यासारखं."

"उद्यां सोमवार बाई. साडेसातापासून राहुकाळ. टॅक्सी परक्याची होती, ही घरची. पहिल्याच दिवशीं? आणि पुढें दर सोमवारीं? पोर राहुकाळांत घराबाहेर पडणार?"

"मामा, प्रयोगशाळा राहुकाळ पाळत नाही."

ते रात्री जेवले नाहीत, असं मामींनी सांगितलं. सकाळी सात वाजता मी गाडीचं पाणी आणि तेल बघत होते, तेवढ्यात मामा अंगावर उपरणं घेऊन, हातात घड्याळ घेऊन जिना उतरले. त्यांनी तोड काढली होती. राहुकाळात निघू नये हे खरं. पण राहुकाळाआधी निघालेल्याने वाटेत थांबावं असं कुठल्याही शास्त्रात नाही.

"सात पंचवीस," त्यांनी जाहीर केलं. "चाक हललें पाहिजे. मग खुशाल जा."

मुलगी अर्धी वेणी घातलेली, बुटाचा एक पट्टा सुटलेला, हातात इडलीचा डबा. ती दात ओठ खात गाडीत बसली. "मामा, मी तिथे अर्धा तास काय करू?"

"रसायन वाच," मामा म्हणाले.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा कॉलेजचा झाडूवाला अजून फाटक उघडत होता. पुढची तीन वर्षं दर सोमवारी सात पंचवीसला मामा घड्याळ घेऊन खाली उभे असायचे, आणि गाडीचं चाक हलेपर्यंत आत जायचे नाहीत. मंगळवार ते शुक्रवार आम्ही कधी आठ-वीसला पोचलो, कधी आठ-सत्तावीसला, एकदा टायर फुटून आठ-एकोणतीसला. सोमवारी मुलीला कधी उशीर झाला नाही. पत्रातले ते चार दिवस शेवटपर्यंत चारच राहिले.

मी राहुकाळ मानत नाही. पण त्यानंतर कोणी मला जुनी गाडी बघायला बोलावलं, तर मी आधी वार विचारते.